जुनी वायर

शालिकरामनं आपलं केबलचं जाळं रायपूरच्या मोठ्या कंपनीला विकल्याचं गल्लीत कळलं, त्या दिवशी हिरालालनं गच्चीच्या दाराला कुलूप घातलं.

गच्चीवर तो तसाही जात नसे. दिवाळीच्या आधी एका सकाळी त्याची बायको रंभा वरून उतरली, तिनं पाणी मागितलं आणि पेला येईपर्यंत तिचा जीव गेला. तेव्हापासून तो आपले कपडे व्हरांड्यातच खिळ्यांना अडकवून वाळवी.

पावर हाउस भागातल्या त्या गल्लीत आधी दोन केबलवाले होते. एकमेकांच्या वायरी कापायचे, पण एकाशी बिनसलं की दुसरा संध्याकाळपर्यंत नेट जोडून द्यायचा. मोठ्या कंपनीनं दोघांनाही गिळलं. आता रुसून जायला दुसरं दार नव्हतं.

कंपनीला जुन्या वायरी काढून नवी फायबर ओढायची होती, आणि वाट हिरालालच्या गच्चीवरूनच होती. चावी मिळेना, गल्लीचं नेट अडलं. शेजारची ममता घरून काम करणारी. तिची नोकरी जायची वेळ आली.

"भाऊजी, गच्चीवरून वायर जाते म्हणून आधी तुमाले नेट फुकट होतं," ती कुंपणावरून म्हणाली. "आता काय टीवी मागून राहिले?"

उतईहून मुलीचा, समीक्षाचा फोन आला. सगळ्यांशी वैर कशाला, म्हणाली. हिरालाल प्रत्येकाला एकच सांगे, की जुनी लाईन चांगली चालते, बदलायची नाही.

शेवटी शालिकराम स्वतः आला. कंपनीनं वायरी काढायचा ठेका त्यालाच दिला होता.

"हिरालालभाऊ, ते लाईन मी कवाचीच बंद केली. तुमी काय चालवून राहिले तिच्यावर?"

हिरालालनं कमरेच्या करगोट्याला बांधलेली चावी चाचपली.

"मले का हौस आहे? माह्याच हातानं टाकली, माह्याच हातानं काढून राहिलो. उद्या गल्लीवाले कुलूप तोडतीन. मग मले म्हणू नोका."

हिरालालनं करगोट्याची चावी सोडून त्याला दिली आणि पायरीवर बसून राहिला.

शालिकराम कटर घेऊन वर गेला. बराच वेळ कटरचा आवाज आला नाही. ममतानं खालून हाक मारली.

टाकीपासून कठड्यापर्यंत ताणलेल्या काळ्या वायरीवर, दोन्ही टोकांना चिमटे लावलेली, उन्हानं विटलेली रंभाची हिरवी साडी होती. त्या सकाळी तिनं वाळत घातलेली. ती अजून काढायची राहिली होती.