दोन्ही टोकांना पिन

"ती वायर आधी खाली ठेव," ऑड्री म्हणाली.

तिच्या नवऱ्याने, फर्गसने, ती ठेवली नाही. न्यूझीलंडमधल्या मॅनिओटोटोच्या पठारावर लाइट जाऊन आज चौथा दिवस. बर्फाने खांब आडवे केले होते. रस्त्यावर घरं आठ आणि जनरेटर एकच, वरच्या घरातल्या हेझलचा. तो जनरेटर ट्रॅक्टरवरून घरोघर फिरत होता, प्रत्येकाकडे दोन तास. इकडे हे असंच चालतं, कोणी कोणाचे आभार मानत नाही. दुपारी तो शेजारच्या बिलकडून यांच्याकडे आला आणि त्याच्यासोबत बादलीत घालून फर्गसची वायर परत आली. दोन्ही टोकांना पिन असलेली. एक पिन जनरेटरला, दुसरी किटलीजवळच्या बोर्डात, की सगळं घर उजळतं, पाण्याच्या पंपापासून फ्रीझरपर्यंत. फर्गसच्या बापाने ती स्वतः जोडली होती.

"ही बिलकडे काय करत होती?"

"सगळ्यांनीच वापरली मंगळवारपासून. मीच दिली." वर छाती फुगवून सांगत होता.

ऑड्रीने खिडकीतून खाली ओढ्याकडे पाहिलं. सकाळी तिथल्या खांबावर एक लाइनमन चढलेला तिने पाहिला होता. शिडी अजून तिथेच होती. माणूस नव्हता. दुपार झाली तरी परतला नव्हता, आणि ती सारखी खिडकीशी येत होती.

"मेन स्विच पाडून घर बाहेरच्या लाइनपासून तोडलं की काही होत नाही," फर्गस म्हणाला. "बापाने अडुसष्ट सालच्या बर्फात आठवडाभर चालवली."

"बिलने पाडला होता?"

"सांगितलं होतं मी."

"मागच्या हिवाळ्यात तूच विसरलास. मी गुपचूप जाऊन पाडला आणि बोलले नाही. तिथेच माझं चुकलं. अरे, घरातला करंट उलटा खांबावर जातो, ट्रान्सफॉर्मरमधून अकरा हजाराचा होतो, आणि वर माणूस असतो."

"आणि फ्रीझरमधल्या दोन मेंढ्यांचं काय? वाया घालवू?"

"मेंढ्या कातरायच्या शेडमधली लांब वायर आण. खिडकीतून आत घे आणि सरळ फ्रीझरला लाव. घराच्या बोर्डाला हात लावायचा नाही."

"पंप?"

"पंप बंद. बर्फ वितळवून पितोय ना चार दिवस, मेलो नाही."

तिने दाराशी टांगलेली मेंढ्यांचे खूर कापायची कात्री काढली. फर्गसच्या लक्षात आलं तेव्हा त्याने वायर छातीशी धरली.

"बापाच्या हातची आहे ती, ऑड्री."

"माहीत आहे."

तिने त्याच्या हातातूनच एक टोक ओढून कापलं. मग दुसरं. कात्री बोथट होती, दोनदा दाबावी लागली. तुकडे टेबलावर ठेवले. फर्गस बाहेर गेला आणि रागारागाने जनरेटर ओढत ओसरीत आणू लागला.

"ओसरीत नाही," ती दारातून म्हणाली.

"बर्फ पडतोय, दिसत नाही का?"

"पडू दे. सरपणावरच्या पत्र्याखाली ने, वीस पावलं लांब. धुराचं तोंड पलीकडे कर. त्या धुराने झोपेतच जातात माणसं, साधा खोकलासुद्धा येत नाही."

त्याने नेला. मनातल्या मनात बायकोच्या सगळ्या माहेराचा उद्धार करत नेला असणार, पण नेला. लांब वायर खिडकीतून आत आली, फटीत तिने जुनं पोतं कोंबलं, आणि फ्रीझर घरघरू लागला. ऑड्रीचं लक्ष मात्र शिडीवरच होतं.

तेवढ्यात दार वाजलं. दारात तामाती उभा, सकाळचाच तो लाइनमन. गुडघ्यापर्यंत बर्फ, हेल्मेट काखेत. ऑड्रीने त्याच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. जिवंत आहे, एवढंच तिच्या डोक्यात आलं.

"बसत नाही," तो म्हणाला. "सकाळी मेलेल्या, करंट नसलेल्या तारेत टेस्टर पेटला. माझा हात एवढा लांब होता." त्याने दोन तळव्यांत वीतभर अंतर दाखवलं. "काम थांबवून सगळे खाली उतरलो. कोणी जनरेटर घराच्या बोर्डात लावला होता का, तेवढं विचारत फिरतोय. सात घरं झाली. सगळे नाही म्हणतात."

वायरचे तुकडे ठेवलेलं टेबल ऑड्रीच्या मागेच होतं. पण हे फर्गसनेच बोलायचं होतं. तो बोलला नाही तर आज रात्रीही लाइट येणार नव्हती, आणि त्याहून वाईट म्हणजे चाळीस वर्षं संसार केलेल्या या माणसाकडे तिला उद्यापासून धड बघता आलं नसतं.

फर्गसने टोपी काढली. "वायर माझी. सगळ्यांना मीच दिली. त्यांना बोलू नकोस. मला बोल."

तामातीने टेबलावरचे तुकडे पाहिले. "एवढी एकच होती?"

"एकच."

"मग चढतो. तुमच्या शब्दावर नाही हं, टेस्टर लावूनच चढणार." तो वळला आणि परत थांबला. "पण शब्द दिलात, बरं वाटलं."

तो गेल्यावर ऑड्रीने चुलीवरून आधण उतरवलं, दोन मग भरले. भरता भरता फ्रीझर गप्प झाला. बाहेरचा आवाजही थांबला. दोन तासांतली वीस मिनिटंही झाली नव्हती.

तिने पोतं काढून खिडकी उघडली. फर्गस बंद जनरेटरपाशी उभा होता, उपटलेली वायर हातात, टोपीवर बर्फ साचत होता. खाली शिडीवर तामाती चढत होता.

"अरे, फ्रीझरची वायर वेगळी आहे," ती म्हणाली. "हिने त्याला काही होत नाही. चहा निवतोय."

फर्गसने मान वळवली नाही.

"तो उतरू दे आधी."