पात्याखालचा फोटो
बायको नोला वारल्यावर तिचा आठवणींचा अर्धवट अल्बम पुरा करायला क्लेम ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्ग गावच्या हॉलमध्ये येऊ लागला. तिथल्या बायका फोटो कापून रंगीत कागदांवर चिकटवत. आज त्यांच्यातल्या ग्लेनिसने नोलाचा किनाऱ्यावरचा फोटो त्याच्या हातातून घेऊन कागद कापायच्या कटरखाली सरकवला. "म्हातारबुवा, फोटो काढायला तरी शिकायचं! तिच्या पायाशी ही टोपीवाल्याची सावली कशाला? उडवते." पातं वर गेलं. क्लेमकडच्या निगेटिव्ह पुरात गेल्या होत्या. दुसरी प्रत नव्हती. पातं खाली येऊ लागलं तसा त्याने सरळ फोटोवर हात ठेवला. "अहो, बोटं गेली असती की!" ग्लेनिस किंचाळली. "फोटो नेहमी मीच काढायचो," क्लेम म्हणाला. "आम्ही दोघं एवढ्याच एका फोटोत आहोत." ग्लेनिसने त्याच्या डोक्यावरच्या टोपीकडे पाहिलं.