पाण्याचा अर्ज

"एकही चूक नाही म्हणे!" केशवराव मास्तरांनी सायकल शाळेच्या भिंतीवर आदळली.

सौसरच्या शिक्षण कचेरीतला रवींद्र बाबू त्यांचा दूरचा भाचा. त्यानं सकाळी बाजारात गाठून सांगितलं होतं की मास्तरांविरुद्ध अर्ज आला आहे. त्यानं स्वतः तो पाहिला नव्हता. साहेबांनी मोठ्यानं वाचला तेवढा ऐकला होता.

"विषय पाण्याचा आहे, मामा. पण काय शुद्ध लिहिला जी! साहेब म्हणे, असा अर्ज आपल्या कचेरीत कोणाले लिहिता येत नाही."

शाळेत माठ एकच होता. गावातली पोरं त्यात गडवा बुडवून पाणी प्यायची. बौद्ध वस्तीतली चौदा पोरं ओंजळ धरून उभी राहायची. कोणी वरून ओतलं तर प्यायची. ओतणाऱ्याला खेळायची घाई असली तर तशीच कोरड्या घशानं वर्गात यायची. मास्तरांना यात वावगं काही दिसत नव्हतं. आधीच्या मास्तरांच्या वेळीही असंच होतं, आणि जे आधीपासून चालत आलंय त्याला केशवराव रीत म्हणत.

पण आता चौऱ्याऐंशी साल होतं, कायदा होता. परवा साहेब चौकशीला येणार होते. खरं निघालं तर निलंबन. चार वर्षांनी हारतुरे घेऊन निवृत्त व्हायचं, ते राहिलं बाजूला. काळं तोंड घेऊन घरी बसायची पाळी. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शुद्धलेखनात मास्तरांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. अनुस्वार सुटला की बोटांवर रूळ पडे. मधल्या सुट्टीत चाळीस वह्या ते हातावेगळ्या करत आणि एक वेलांटी नजरेतून निसटत नसे. म्हणूनच त्यांना अर्जाचा कर्ता ओळखायला वेळ लागला नाही. इतकं शुद्ध लिहिणारा त्या वस्तीत एकच होता, सुधाकर. मॅट्रिक पास, पांढुर्ण्याच्या कापसाच्या जिनात नोकरीला. यांचाच विद्यार्थी.

पाचवीच्या टाटपट्टीवर अगदी कडेला मंगला बसली होती, भाऊराव मजुराची मुलगी.

"मंगले, सुधाकर तुया काका लागते नं?"

"हो जी गुरुजी."

"त्यानं माया विरुद्ध अर्ज लिहिला, माहीत आहे तुले?"

"काकानं नाही लिहिला जी."

"घरून शिकवून पाठवलं वाटते!"

मंगलानं मान खाली घातली. मास्तरांनी माठ उचलला, कपाटाच्या खोलीत ठेवला आणि कुलूप लावलं. आता पाणी कोणालाच नाही. वड्याचं तेल वांग्यावर निघालं, आणि त्या दिवशी सगळी शाळा तहानलेली राहिली.

संध्याकाळी ते वस्तीत गेले. तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच. सुधाकर ओसरीवर चपलेचा अंगठा शिवत बसला होता. तो उठून उभा राहिला आणि त्यानं खाट पुढे केली. मास्तर बसले नाहीत.

"आमीच तुले शिकवलं, अन् आमच्याच घरचे वासे मोजून राहिला?"

"काय झालं गुरुजी?"

"अर्ज कोणं लिहिला?"

"कोणता अर्ज?"

"पाण्याचा! साळसूद नको बनू."

सुधाकर म्हणाला, "मी नाही लिहिला जी. लिहाले पायजे होता. पाच वर्सं मीबी ओंजळ धरली तुमच्या शाळेत. अर्ज दुसऱ्या कोणाले लिहा लागला, याची लाज वाटून राहिली मले."

"तोंड पाहा याचं! कोर्टात खेचीन तुले."

"खेचा."

आवाज ऐकून शेजारच्या घरातून भाऊराव बाहेर आला. हातातला विळा खाली ठेवून तो म्हणाला, "गुरुजी, चहा घ्या नं."

चहा! मास्तर थुंकले आणि सायकलवर बसले. वाटभर त्यांना एकच गोष्ट डाचत होती. पोरानं नजर खाली केली नव्हती.

तिसऱ्या दिवशी साहेब आले. मास्तरांनी सकाळीच माठ धुऊन पुन्हा जागेवर ठेवला होता. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, पण काही विचारलं नाही. ते मास्तरांच्याच खुर्चीवर बसले आणि मास्तर उभे राहिले.

"शाळेत असं काही चालतं का?"

"खोटं आहे साहेब, निव्वळ खोटं! वस्तीतला एक शिकलेला पोरगा आहे, त्याचं कारस्थान आहे हे."

"कशावरून?"

"साहेब, इतकं शुद्ध लिहिणं दुसऱ्याचं कामच नाही. अन् लेकरायले काय समजते यातलं?"

"हा अर्ज तुमच्या नजरेखालून गेला होता?"

"कधीच नाही. पोराबाळांची शपथ घेऊन सांगतो. पोरं तक्रार करते तर पहिले मले कळलं असतं. माया वर्गातलं एक अक्षर मायापासून लपत नाही."

"मग तसा जबाब लिहून द्या."

मास्तरांनी लिहून दिलं: सदर अर्ज मी यापूर्वी पाहिलेला नाही व त्यातील मजकूर मला माहीत नव्हता. खाली ठसठशीत सही केली. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांना हलकं वाटलं.

साहेबांनी जबाब टेबलावर नीट पसरला आणि पिशवीतून अर्ज काढून त्याच्या शेजारी ठेवला.

अर्ज म्हणजे वहीतून फाडलेलं एक पान होतं. वर टपोऱ्या अक्षरांत, 'स्वाध्याय सहावा. शाळेतील एखाद्या अडचणीबद्दल अधिकाऱ्यांना अर्ज लिहा.' शेवटी, 'आपली आज्ञाधारक, मंगला भाऊराव गजभिये, इयत्ता पाचवी.' तिच्या नावाखाली भाऊरावाचा अंगठा. आणि बाजूच्या समासात लाल शाईत, 'तपासले. दहापैकी दहा. वडिलांना दाखवणे.' त्याखाली केशवरावांची ठसठशीत सही.