हाकेला ओ

मी हाक मारली की सूनबाईचं ‘हो आई’ हल्ली उशिरा येतं. माजलीय, दुसरं काय! आज विचारलंच, "दिवसभर कॉम्प्युटरवर करतेस काय गं?"

"ट्रिगर तपासते, आई. एक नोंद बदलली की तिच्यामागे लावलेली सगळी कामं आपोआप सुरू होतात. मी ती वाढवत नेते. शंभर, हजार, लाख. कितीला यंत्र कोसळतं ते बघायचं."

"कोसळण्याआधी ओरडतं का?"

"नाही. नुसतं उत्तर उशिरा देतं."

चादरी, औषधं, जिन्यातला दिवा, सगळं माझ्या जिभेवर होतं. ते गिळलं आणि लेकाला हाक मारली. त्याचं ‘काय गं आई’ लगेच आलं. येणारच. त्याच्यामागे मी आजवर काही लावलंच नव्हतं.