सहाची तक्रार

फळीवरचे पेले थरथरायला लागले तशा काकूंनी शेगडी बंद केली, केस चापून बसवले, चष्मा पदराला पुसला. कपाळावर एक आठी आणली आणि तक्रार करायला जिना उतरल्या.

खालच्या खोलीत चौघांचा बँड होता. पोरं विशीतली, पहिल्या रेकॉर्डच्या हात धुऊन मागे लागलेली. वर्षभर रोज सहाला हेच. पेले थरथरायचे आणि काकू उतरायच्या. इमारतीत दुसऱ्या कुणाची कुरकुर नव्हती. तळमजल्यावरचा शिंपी तर त्यांच्याच तालावर मशीन हाणायचा.

"जमीन हादरते माझी," काकू दारातूनच म्हणाल्या. "माणसानं राहायचं कसं?"

ड्रम वाजवणारी मुलगी काठ्या काखेत मारून उठली. काकू तिला धडधडी म्हणायच्या. काकू आल्या की ती आधी मोठा दिवा लावायची, मग खुर्ची ओढायची.

"बसा काकू. शिव्या बसून द्या."

"बसायला नाही आले मी."

बसल्या. चहा आला. गाणारा मुलगा नेहमीसारखा स्टूल घेऊन अगदी समोर बसला. पहिल्या दिवशी त्याला ओठ झाकणारी दाढीमिशी होती. "तोंड आहे की झुडूप?" असं काकू फणकारल्या होत्या, आणि पुढच्याच आठवड्यात गडी तुळतुळीत. कव्हरवरच्या फोटोसाठी असेल, असं काकूंनी ठरवून टाकलं होतं.

"काकू, आजची तक्रार शेवटची," तो सावकाश म्हणाला. "रेकॉर्ड झाली. उद्या खोली सोडतोय. आता गावोगाव कार्यक्रम."

काकूंनी कप बशीत ठेवला.

"सुटले बाई," त्या म्हणाल्या. "आता जरा पडता येईल संध्याकाळचं."

"आम्ही गेल्यावर भांडणार कुणाशी?" धडधडीनं विचारलं.

"येईल की कुणी. जगात भांडायला माणसं कमी आहेत का?"

कुणी हसलं नाही. धडधडीनं रेकॉर्ड त्यांच्या मांडीवर ठेवली.

"घरी नेऊन नीट बघा हं."

वर आल्यावर काकूंनी आधी पेले पाहिले. गप्प उभे होते. मोबाईलवर मुलाची ओळ होती, "आई, जेवून घे." परदेशी गेला तो, फोन करणं त्यानं केव्हाच सोडलं होतं, आता नुसतं लिहायचा. त्यांनी "हो" लिहिलं. मग काय करावं ते सुचेना. खाली आता एखादं शांत जोडपं येईल. मुलंबाळं नसलेलं, पाय न आपटणारं. त्यांच्या दारात काय म्हणून जायचं?

कोपऱ्यात नवऱ्याचा जुना रेकॉर्ड प्लेअर होता. नवरा गेल्यापासून झाकण फक्त पुसलं जायचं. काकूंनी ते उचललं, तबकडी ठेवली, बटण शेवटपर्यंत फिरवलं. चपला काढून त्या स्पीकरला पाठ लावून जमिनीवर बसल्या.

पाठीत धडधड सुरू झाली. फळीवरचे पेले नाचायला लागले.

त्यांनी कव्हर डोळ्यांजवळ धरलं. छापखान्यात, यंत्रांना लागून असलेल्या टेबलावर तीस वर्षं मुद्रितं तपासलेली बाई. छापील काही हाती आलं की शेवटच्या टिंबापर्यंत वाचायचंच. गाण्यांची नावं वाचली. चौघांची नावं वाचली. सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, आभार होते.

"आणि वरच्या काकूंना. आमचं एकही गाणं तुम्हाला कधी ऐकू आलं नाही, हे आम्हाला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. या रेकॉर्डवर ड्रम मुद्दाम चढे ठेवलेत, तुमच्या तळपायांपर्यंत पोचावेत म्हणून."