पहिली सही

शिरगावात बगीच्यासाठी जागा राखीव आहे, असं माहितीच्या अधिकारात पालिकेचं उत्तर आलं, तेव्हापासून रोकडेकाकांना चैन पडेना. इथे पोरं जिन्यात क्रिकेट खेळतात, म्हाताऱ्या पार्किंगमध्ये बसतात, आणि बगीचा कुणीतरी गिळून बसलंय. काकांनी बिल्डिंगमधल्या अठ्ठावीसच्या अठ्ठावीस बिऱ्हाडांच्या सह्या घेऊन अर्ज दिला, ‘बगीच्याच्या जागेवर जे काही बांधलं असेल, ते पाडून टाका.’

चार महिन्यांनी मोजणीवाले आले, तेव्हा टेपचं एक टोक काकांनीच हौसेने धरलं. मोजता मोजता टेप त्यांच्याच बिल्डिंगच्या गेटातून आत शिरली.



नकाशाची घडी घालत साहेब म्हणाले, “काका, बगीचा इथेच होता. अर्जावर पहिली सही तुमचीच ना?”