गोष्टीतली सावत्र आई

शाळेतल्या मुलीने पहिलंच वाक्य खणखणीत वाचलं आणि समोर बसलेल्या नरहरीच्या म्हाताऱ्या आईने कान टवकारले. स्टेजवर नरहरी खुर्चीत अवघडून बसला. ज्या कथेने त्याला नाव मिळवून दिलं, ती आईने कधी ऐकलीच नव्हती. तिला वाचता येत नव्हतं आणि वाचून दाखवायचं त्याने चाळीस वर्षं टाळलं होतं. सत्काराला बोलावून शाळेने नेमकी तीच कथा वाचायला ठेवली होती.

कथेतली सावत्र आई पोराला शिळी भाकरी वाढायची, तापल्या उलथन्याने हाताला चटके द्यायची. वाचकांना सावत्र आई अशीच लागते, एवढं तेव्हा त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याची स्वतःची आईही सावत्रच. ती मात्र तव्यावरची भाकरी त्याच्या ताटात टाकून शिळी आपण खायची. ते लिहून काय कथा होणार, असं म्हणून त्याने ते सोडून दिलं होतं.

टाळ्या वाजल्या. कार्यक्रम संपल्यावर दोघं रिक्षात बसली. मग आईने त्याच्या सदऱ्याची बाही वर सरकवली आणि हातावरून बोटं फिरवत ती डाग शोधू लागली.

"आई, अगं ती..."

"मला मेलीला आता काही आठवत नाही रे," ती म्हणाली. "पण तू लिहिलंयस, म्हणजे दिले असतील मी चटके. फार दुखलं होतं का रे तेव्हा?"